ट्रेलरच्या पाट्यांचे बुश: ओळखायचे कसे, बदलायचे कसे आणि नंतर टिकवायचे कसे

कॅम्पर ट्रेलर बघायला कोणी आलं की थेट आत शिरतं, बेड दाबून बघतं, सोलर किती वॅटचा विचारतं, पण खाली वाकून पाट्यांकडे (लीफ स्प्रिंगकडे) बघणारा विरळाच. विकणाराही तो विषय काढत नाही. आणि आपण नाशिककर तर ट्रेलर घेऊन जाणार कुठं, पेठ रोडनं सावळघाट, वणीवरून सापुतारा, नाहीतर कसारा उतरून खाली, त्यात आता सिंहस्थाची कामं म्हणजे कुठला रस्ता कधी खोदलेला सापडेल सांगता येत नाही. या सगळ्याचा मार पहिल्यांदा खातात ते बुश, म्हणजे पाट्याच्या टोकात बसणाऱ्या आणि आतून पिन जाणाऱ्या छोट्या नळ्या.

बुश हा झिजण्यासाठीच ठेवलेला स्वस्त तुकडा आहे हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. तो वेळेत बदलला नाही की पिन झिजते, पिन झिजली की शेकलची (पाट्याचं टोक लटकवणाऱ्या पट्ट्यांची) भोकं लांबट होतात, मग हँगरचं (चेसिसवरच्या ब्रॅकेटचं) भोक जातं, आणि हँगर चेसिसला वेल्ड केलेला असतो म्हणजे तिथं पोचलात की काम पान्याचं राहत नाही, वेल्डिंग मशिनचं होतं. म्हणून माझं सरळ मत, बुश बदलायचा तर पिन आणि शेकल सोबतच बदला. जुन्या झिजलेल्या पिनेवर नवा बुश घालणारे खूप आहेत, आणि तो बुश लवकरच परत खलास होतो.

आधी खाली नेमकं काय आहे ते बघा

आपल्याकडच्या ट्रेलरना बहुतेक पाटेच असतात. पाट्याचं टोक गोल वळवलेलं असतं, त्या वेटोळ्यात बुश बसतो, बुशमधून पिन जाते. सिंगल एक्सल असेल तर पाट्याचं पुढचं टोक थेट हँगरमध्ये पिनेनं अडकवलेलं आणि मागचं टोक शेकलच्या दोन पट्ट्यांमधून लटकलेलं, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्याला हलायला जागा लागते. डबल एक्सल असेल तर एका बाजूला दोन पाटे, त्यांच्या मध्ये इक्वलायझर नावाचा झुलता तुकडा, जो पुढच्या चाकावर आलेला भार मागच्या चाकाकडे वाटतो. अशा डबल एक्सलवाल्या सेटमध्ये सहसा एका बाजूला ७ बुश, ७ पिना आणि ४ शेकल पट्ट्या निघतात: पाट्यांच्या टोकांचे चार, इक्वलायझरचे तीन. सामान आणायला जाण्याआधी तुमच्या ट्रेलरखाली स्वतः मोजा, कारण लोकल बनावटीच्या ट्रेलरमध्ये ज्यानं बनवला त्याच्या मनाप्रमाणे काहीही असू शकतं.

पाटेच दिसत नसतील, चाकाच्या मागं नुसता एक हात आणि चौकोनी पाइप दिसत असेल तर तो टॉर्शन एक्सल, त्यात आतमध्ये रबर असतं आणि बदलायला बुश नसतात, रबर बसलं की एक्सलच बदलावा लागतो. टॉर्शन एक्सलवाल्यांनी हा लेख इथंच सोडला तरी चालेल.

बुश गेलाय हे कसं कळतं

कुईकुई आवाज हे पहिलं लक्षण, पण आवाज नसला म्हणजे सगळं ठीक असं नाही, नायलॉनचे बुश गपचूप मरतात. स्पीडब्रेकरवर खालून ठक्क आवाज येतो, पिनेच्या डोक्याभोवती तांबूस गंजाची पूड दिसते, शेकल एका बाजूला जास्त कललेला दिसतो, डबल एक्सलला एका बाजूची दोन चाकं जवळजवळ आलेली दिसतात. टायर एका कडेनं घासला जात असेल तर टायरवाला नवीन टायर विकेल, फार तर अलाइनमेंट करू म्हणेल, पण पाट्यावरच्या ट्रेलरच्या एक्सलला कारसारखं फिरवून ॲडजस्ट करायचं सहसा काही नसतंच. आधी बुश बघा.

नीट तपासायचं तर चेसिसला जॅक लावून चाकावरचं वजन बऱ्यापैकी कमी करा, पूर्ण उचलायची गरज नाही, आणि मग टॉमी (लोखंडी पहार) घेऊन शेकल आणि पाट्याच्या मध्ये घाला आणि हलकेच वर-खाली दाबा. थोडीशी हालचाल चालते. पिन वेटोळ्यात वर-खाली ठकठक करत असेल तर बुश संपला, आणि एका ठिकाणी असं दिसलं तर बाकीच्यांचीही वेळ जवळ आलेली असते, एकेक करून बदलत बसू नका.

मग टेप घ्या आणि बॉलच्या कपलरच्या (ट्रेलर गाडीला जोडायच्या तोंडाच्या) मध्यापासून पुढच्या एक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. दोन्हीकडचं सारखं यायला पाहिजे, ३-४ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एक्सल तिरका बसलाय. डबल एक्सलला दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या हबचं अंतर पण मोजा. हे आकडे कुठंतरी लिहून ठेवा, काम झाल्यावर परत लागतील.

कुठला बुश घ्यायचा

नायलॉनचा बुश स्वस्त, कोरडा चालतो, त्याला ग्रीसची सोय नसते, आणि झिजल्यावर पिन थेट पाट्याच्या लोखंडावर घासायला लागते. छोटा हलका ट्रेलर, वर्षातून एक-दोनदा भंडारदऱ्यापर्यंत जाणारा, त्याला नायलॉन पुरेसा आहे, उगाच खर्च वाढवू नका. रबराचा बुश आवाज खातो, धक्का मऊ करतो, पण डिझेल आणि साधं ग्रीस लागलं की फुगतो आणि सडतो. ट्रकवाले पाट्यांवर डिझेल मारतात ते बघून तुमच्या रबर बुशवर मारू नका.

जड ट्रेलर असेल, घाटात नियमित जात असाल, तर गनमेटल किंवा ब्राँझचा बुश आणि सोबत ग्रीसवाली पिन. ही पिन आतून पोकळ असते, डोक्यावर निप्पल (ग्रीस भरायचं तोंड), मध्ये एक आडवं भोक, गन लावली की ग्रीस थेट बुशच्या आत जातं. माझा कल इकडेच. पण ग्रीस मारायचा कंटाळा असेल तर गनमेटल लावून काही फायदा नाही, कोरडा गनमेटल पण झिजतोच.

इम्पोर्टेड एक्सलचा ट्रेलर असेल तर पिन बहुतेक ९/१६ इंची, म्हणजे साधारण १४.३ मिमी. हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण दुकानदार १४ मिमीची पिन देऊन चालतंय म्हणेल, आणि त्या फरकात सुरुवातीपासूनच प्ले (ढिलाई) राहतो. अशांनी तयार किटच मागवलेलं बरं. लोकल ट्रेलर असेल तर मात्र नाशिकमध्ये मजा आहे, अंबड नाहीतर सातपूरला लेथवाल्याकडे जुना बुश, जुनी पिन आणि पाट्याच्या वेटोळ्याचं माप घेऊन जा, तो बुश काढून देतो. माप घेताना वेटोळं पॉलिश पेपरनं साफ करून व्हर्निअरनं दोन दिशांनी घ्या, उभं आणि आडवं, कारण झिजलेलं वेटोळं गोल राहिलेलं नसतं. टर्नरला सांगायचं की बाहेरून बुश वेटोळ्यापेक्षा ०.०५ ते ०.१ मिमी जाड ठेव म्हणजे दाबून घट्ट बसेल, आत पिनेला ०.१ ते ०.१५ मिमीची मोकळीक ठेव, लांबी पाट्याच्या रुंदीइतकी, आणि एका कडेला चॅम्फर मार (कड तिरकी कापून ठेव). बुश दाबून बसवला की आतून थोडा आवळतो, म्हणून एक रीमर (भोक आतून किंचित मोठं करायचं हत्यार) हाताशी असू द्या किंवा पाटाच सुटलेला असेल तर त्याच्याकडूनच बसवून रीमर मारून घ्या.

पिन ८.८ ग्रेडच्या खाली नको. आणि साध्या बोल्टला घरी ड्रिल मारून ग्रीसवाली पिन बनवायचा उद्योग अजिबात करू नका, तो बोल्ट नेमका भोकाशी तुटतो. तयार ग्रीस पिना आडगावच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास, कमर्शियल गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानांत विचारा, माप जुळलं तर उत्तम.

उचलायची पद्धत, इथं घाई नको

जागा सपाट आणि पक्की पाहिजे. बंगल्याच्या आवारात पेव्हर ब्लॉक टाकलेले असतात आणि खाली आपली काळी माती, पावसाळ्यात जॅकखाली ब्लॉक खचतो, म्हणून जाड फळी टाका. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, गाडीचा हँडब्रेक ओढा, ज्या बाजूला काम नाही त्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर घाला. पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, गॅसचा सिलिंडर बंद करून बाहेर काढून ठेवा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

जॅक चेसिसच्या मुख्य लोखंडाला लावायचा, हँगरच्या जवळ, एक्सलच्या पाइपच्या मध्यावर नाही. त्या पाइपला जॅक लावून पूर्ण ट्रेलर उचलला तर पाइप वाकू शकतो आणि मग टायर कायमचे घासत राहतात. उचलल्यावर चेसिसखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा, विटा आणि सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते न सांगता फुटतात. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना जे पाय असतात ते उभा ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, वजन पेलायला नाही. घोड्यांवर वजन आल्यावर ट्रेलरला हातानं जोरात ढकलून बघा, हलला तर परत लावा, आणि मगच खाली शिरा.

खोलताना

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत एकदा मारा. सुट्टे करायच्या आधी मोबाईलवर प्रत्येक बाजूचे फोटो काढा, शेकल कुठल्या बाजूला कललाय, पिनेचं डोकं आत आहे की बाहेर, हे दुपारी आठवत नाही. आणि एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू जोडलेली राहिली की एक्सल जागेवर राहतो, दोन्हीकडून खोललात तर एक्सल घेऊन फिरत बसाल.

चाक काढा, एक्सलखाली पाट्याच्या बैठकीजवळ ट्रॉली जॅक लावा, नुसता टेकवायचा, ट्रेलर उचलायचा नाही. पिनेवर वरून किंवा खालून ताण असेल तर ती निघत नाही, म्हणून हा जॅक थोडा वर, थोडा खाली करत राहायचं आणि पिन कुठं मोकळी होते ते शोधायचं. ती जागा सापडली की पिन बोटांनी फिरते, नाही सापडली तर घण मारून पण निघत नाही. सगळ्या कामात हे सगळ्यात जास्त वेळ खाणारं आहे आणि इथंच लोक चिडून चुकीच्या ठिकाणी हातोडा मारतात.

बऱ्याच शेकल पिनांना डोक्याजवळ बारीक दाते असतात, ते शेकलच्या पट्टीत रुतून बसतात जेणेकरून पिन फिरू नये. अशी पिन पान्यानं फिरवायची नाही, फक्त नट फिरवायचा, नट जवळजवळ सुटा झाला की त्याला पिनेच्या टोकाशी बरोबरीत आणून त्यावर पितळी हातोडीनं ठोका, म्हणजे आटे खराब होत नाहीत. बाकीची पिन सुंब्यानं (ठोकायच्या लोखंडी दांडीनं) बाहेर. अजिबात निघत नसेल तर पाटा आणि हँगरच्या फटीतून ग्राइंडरला पातळ १ मिमीची चकती लावून पिन कापून टाका, तशीही ती फेकायचीच आहे. नायलॉन बुशला गॅसची ज्योत दाखवू नका, धूर वाईट असतो, आणि वर लाकडी फ्लोअरिंग आहे हे विसरू नका.

एक्सल खाली सोडताना ब्रेकची वायर किंवा पाइप ताणला जात नाही ना ते बघत बघत सोडा. पाट्याचे यू बोल्ट बुशसाठी खोलायची गरज नसते, पाटा एक्सलवर तसाच राहू द्या.

आता नीट बघायची वेळ. वेटोळ्यात चीर आहे का, पाट्याचं एखादं पान मधून तुटलंय का, हँगरचं भोक लंबगोल झालंय का, इक्वलायझरच्या दोन्ही टोकांना शेकल घासून खड्डा पडलाय का. हँगरचं भोक लांबट असेल तर त्यावर वायसर वेल्ड करून गोल करून देणारे भेटतील, तात्पुरतं चालतं, पण हँगर बदलणं हेच खरं. वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीच्या वायरी काढा, सोलरच्या पण.

बुश काढणं आणि बसवणं

नायलॉनचा बुश हॅकसॉच्या पानानं आतून उभा कापला की स्क्रूड्रायव्हरनं निघतो. लोखंडी किंवा गनमेटलचा दाबूनच काढावा लागतो: एक लांब आटेवाला रॉड, एका बाजूला बुशपेक्षा मोठी गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला बुशपेक्षा किंचित लहान गोटी, वायसर आणि नट, आणि नट आवळत गेलं की लहान गोटी बुशला ढकलत मोठ्या गोटीत घेऊन जाते. हेच जुगाड उलट वापरून नवीन बुश आत जातो.

नवीन बसवताना वेटोळं आतून चकचकीत करा, बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर किंचित आकसतो आणि सोपा जातो (घरच्यांना आधी सांगून ठेवा). चॅम्फरची कड पुढे, सरळ पकडून सावकाश नट आवळायचा. तिरका जायला लागला तर लगेच थांबा आणि बाहेर काढा. गनमेटलवर थेट हातोडा मारायचा नाही, तोंड पसरतं आणि मग पिनच जात नाही. बसल्यावर नवीन पिन ग्रीस लावून हातानं आत घाला. हातानं गुळगुळीत गेली आणि फिरली तर झालं, अडकली तर रीमर, ठोकून घालायची नाही.

रबर बुशला साधं ग्रीस नको, साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरा.

परत जोडताना

ग्रीसवाल्या पिनेचं आडवं भोक घड्याळातल्या ३ किंवा ९ च्या दिशेला यायला पाहिजे. वर किंवा खाली आलं तर जिथं भार पडतो तिथंच भोक दाबलं जातं आणि ग्रीस बाहेर यायला जागा राहत नाही. भोक कुठल्या बाजूला आहे ते जोडायच्या आधी मार्करनं पिनेच्या डोक्यावर खूण करून ठेवा, आत गेल्यावर दिसत नाही. निप्पल अशा बाजूला ठेवा की चाक लावल्यावर पण गन पोचेल आणि टायरला घासणार नाही.

नट कायम नवीन नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा). आणि आवळायचं किती, इथं आपल्याकडचे गॅरेजवाले पार चुकतात. लांब पाइप लावून जीव खाऊन आवळला की शेकल दोन्ही बाजूंनी पाट्याला चिमटीत पकडतो, हालचाल बंद होते आणि मग पिन नाहीतर हँगर तुटतो. ९/१६ च्या शेकल पिनांना साधारण ४० ते ६८ न्यूटन मीटर पुरे, बसेल इतकंच, आणि आवळल्यावर शेकल झुलायला पाहिजे. रबर बुशचं गणित वेगळं आहे, त्याचा नट चाकं जमिनीवर आल्यावर, ट्रेलरचं पूर्ण वजन पडल्यावरच आवळायचा, नाहीतर रबर लटकलेल्या स्थितीत पकडलं जातं आणि ट्रेलर खाली आला की कायम पिळलेलं राहतं.

सगळं जोडून झालं की चाकावर वजन नसतानाच ग्रीस गन मारा, म्हणजे ग्रीस बुशच्या सगळ्या बाजूंना जातं. दोन्ही कडांनी ताजं ग्रीस दिसेपर्यंत. एखाद्या निप्पलमधून जातच नसेल तर एक्सलखालचा जॅक थोडा वर-खाली करून बघा.

मग चाक, नट चांदणीसारखे आडवे-तिडवे आवळत, एकदम पूर्ण नाही, टप्प्याटप्प्यानं. १/२ इंची स्टड असतील तर शेवटी १२२ ते १६३ न्यूटन मीटर, लोकल ट्रेलरला त्याच्या स्टडप्रमाणे. हाच सगळा प्रकार दुसऱ्या बाजूला. शेवटी टेप घेऊन सुरुवातीचे आकडे परत मोजा. बुश बदलून पण फरक तसाच असेल तर एक्सल वाकलाय किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलाय, ते वेगळं काम.

पहिली चक्कर रिकामी, गंगापूर रोडनं धरणापर्यंत जाऊन या, घाटात नको. चाकाचे नट साधारण १५, ४० आणि ८० किमीला परत तपासा, पिनांचे नट घरी आल्यावर एकदा.

पुढची देखभाल

ग्रीस पावसाळ्याच्या आधी एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा, आणि मध्ये एखादा लांबचा प्रवास झाला तर त्यानंतर. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसातला चिखल बुशच्या कडेनं आत जातो आणि वाळला की पिनेला घासतो, ताजं ग्रीस त्याला बाहेर ढकलतं, म्हणून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. प्रेशर वॉशरची धार थेट शेकलवर मारू नका, मारलीच तर नंतर ग्रीस. कोकणात बीचवर उभा केला असेल तर आल्या आल्या खालून साध्या पाण्यानं धुवा. साधं लिथियमचं २ नंबरचं ग्रीस चालतं, फक्त एकच प्रकार कायम वापरा, दोन वेगळ्या जातीचे ग्रीस मिसळले की कधी कधी पातळ होऊन गळून जातं.

नायलॉन आणि रबरवाल्यांनी गन घेऊन बसायची गरज नाही, दिवाळीआधी टॉमीची टेस्ट करायची तेवढी बस. आणि कुठलाही बुश असो, ट्रेलरच्या डब्यात एक जास्तीची पिन, एक शेकलची जोडी, दोन-चार नायलॉक नट, त्या मापाचे दोन पाने आणि एक छोटा बॉटल जॅक पडलेला असू द्या, कारण कसाऱ्याला रात्री पिन तुटली तर ट्रकचं सामान मिळेल पण तुमच्या मापाची पिन कोणाकडे नसणार.